कुटुंबाची मोठी मोटार आणि इंधनाची काटकसर



२०१८ साली परभणीचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत गाजले, ते महाग पेट्रोलमुळे. त्या वर्षी सप्टेंबरात येथील दर लिटरला ९० रुपयांच्या घरात गेला आणि देशातील सर्वांत महाग पेट्रोल मिळणाऱ्या शहरांत परभणीची गणना झाली. त्याचे जे कारण त्या वेळी सांगितले गेले, ते भौगोलिक होते. परभणीच्या पंपांवर इंधन येत होते ते मनमाडच्या डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटरची वाट तुडवून. टँकरचे भाडे अखेर ग्राहकाच्याच खिशातून जात होते. इंधनाचा भाव ठरविणे ग्राहकाच्या हाती नाही. परंतु विकत घेतलेल्या लिटरमधून किती अंतर काटावयाचे, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्याच हाती आहे.

परभणी जिल्ह्यात मोठी मोटार ही केवळ चैनीची वस्तू नव्हे. जिंतूर, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील खेड्यांतून आठ-नऊ माणसे एकाच वाहनाने लग्नकार्याला, गंगाखेडच्या किंवा औंढा नागनाथाच्या दर्शनाला आणि प्रसंगी रुग्णाला घेऊन परभणी-नांदेडच्या दवाखान्यात जातात. १९९४ साली आलेली सुमो आणि २००० साली आलेली बोलेरो या वाहनांनी ग्रामीण महाराष्ट्रात घर केले ते याच सोयीमुळे. ही वाहने उंच, रुंद आणि वजनदार असल्यामुळे इंधन अधिक घेतात, हे खरे. परंतु ‘मोठी गाडी तेल पिणारच’ असे म्हणून हिशेब सोडून देणे मात्र हिताचे नाही.

हिशेब काय सांगतो?

समजा, एका मोठ्या मोटारीची धाव वर्षाला १५,००० किलोमीटर आहे आणि ती लिटरला १० किलोमीटर जाते. तिला वर्षाकाठी १,५०० लिटर इंधन लागेल. तीच मोटार लिटरला १२ किलोमीटर जाऊ लागली, तर १,२५० लिटर पुरेल. म्हणजे २५० लिटरची बचत झाली. सोयीसाठी लिटरचा भाव १०० रुपये धरला, तर २५,००० रुपये वाचले. याउलट लिटरला २० किलोमीटर जाणारी लहान मोटार २२ किलोमीटर जाऊ लागली, तर तेवढ्याच धावेत जेमतेम ६८ लिटर वाचतात. तात्पर्य, सुधारणेचे मोल सर्वांत अधिक आहे ते जास्त इंधन खाणाऱ्या वाहनातच.

म्हणून पहिले पाऊल मोजमापाचे. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा वहीत नोंदवावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर टाकी पुन्हा पूर्ण भरावी आणि मधल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागावे. असे तीन-चार वेळा केले म्हणजे खरी सरासरी हाती येते. ही सरासरी एकाएकी घसरली, तर वाहनात काही बिघाड झाला असावा, हे वहीच सांगते.

दोष कोठे शोधावेत?

सर्वांत स्वस्त उपाय टायरमधील हवेचा. हवा कमी असेल तर टायर दबतो, त्याचे घर्षण वाढते आणि इंजिनाला अधिक ओढावे लागते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. किती असावी, हे बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेले असते आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तेथे बहुधा वेगळा आकडा असतो. वऱ्हाडी मंडळी बसविण्यापूर्वी तो जरूर पाहावा.

दुसरा दोष अडकलेल्या ब्रेकचा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांत साचतो आणि ब्रेक पुरता सुटत नाही. सपाट रस्त्यावर थोडे अंतर चालवून गाडी थांबविल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले आढळले, तर ते तपासून घ्यावे. मात्र तापल्या चाकाला हात लावू नये. ऊब जवळूनच कळते.

तिसरा दोष सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मराठवाड्यातील उन्हाळ्यात इंजिन तापू नये, म्हणून काही कारागीर थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्यामुळे इंजिन योग्य उष्णतेस उशिरा पोहोचते आणि तेवढा वेळ अधिक इंधन घेते. इंजिन तापत असेल तर रेडिएटर, पंखा आणि पाणी यांतील मूळ दोष काढावा. थर्मोस्टॅट जागेवर असावा. डिझेल गाडीचा काळा धूर हीसुद्धा इंधन पुरते जळत नसल्याची खूण आहे.

एअर फिल्टरबाबत मात्र जुनी समजूत बदलणे आवश्यक आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत तुंबलेला फिल्टर इंधन वाया घालवी. आजच्या पेट्रोल गाड्यांत संगणक हवेच्या मानाने इंधन सोडतो. तेथे फिल्टर तुंबल्यास ओढ कमी होते, पण इंधनात फारसा फरक पडत नाही. फिल्टर वेळेवर बदलावाच, मात्र त्यावरून मोठ्या बचतीची अपेक्षा धरू नये.

वेग, ओझे आणि सवयी

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने गेल्यास तो सव्वादोनपट होतो, आणि उंच, चौकोनी गाडीला त्याचा फटका अधिक बसतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा घातली, ती याच कारणाने. इंधन बचतीसाठी १९७८ साली भारतात स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्थाही ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या स्थिर वेगाची शिफारस करीत आली आहे. टपावरचे रिकामे कॅरियरसुद्धा वारा अडविते. काम झाल्यावर ते उतरवून ठेवावे.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय आता निरुपयोगी आणि धोक्याची ठरली आहे. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप बंद होते; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते, शिवाय इंजिनाचा रोध जाऊन सारा भार ब्रेकवर पडतो. रेल्वे फाटकापाशी किंवा कोणाची वाट पाहताना इंजिन बंद करावे. मे महिन्यात एसी लावण्यापूर्वी काचा उघडून आतील तप्त हवा घालवावी.

पेट्रोलमधील इथेनॉलचाही विचार केला पाहिजे. २०२५ मध्ये देशात २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे या मिश्रणासाठी न बनविलेल्या जुन्या चारचाकीची सरासरी ६ ते ७ टक्के घटू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात होता. मात्र घट याहून बरीच मोठी असेल, तर इथेनॉलला दोष देऊन स्वस्थ न बसता वाहन तपासावे.

बाजारात ‘सरासरी वाढविणारी’ यंत्रे आणि गोळ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशा शंभराहून अधिक साधनांची तपासणी केली. त्यांतील फारच थोड्यांत काही गुण आढळला. तोच पैसा टायर आणि दुरुस्तीवर खर्च करणे शहाणपणाचे.

या कामी शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना बरेच करता येईल. शाळेत सरासरी आणि टक्केवारी शिकविताना घरच्या मोटारीचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. कार्यालयातील वाहनाच्या लॉगबुकात लिटरमागचे किलोमीटर दरमहा काढून ते मासिक बैठकीत वाचून दाखविता येतील. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते, आणि त्यासाठी परभणीच्या शेतकऱ्याचा कापसा-सोयाबीनचा पैसाही खर्ची पडतो. वर्षाकाठी वाचलेले २५,००० रुपये हे एखाद्या घरी मुलीच्या शिक्षणाचे किंवा आजारपणातील औषधाचे पैसे असू शकतात. ते वाचविण्यासाठी नवी गाडी लागत नाही. एक वही, हवेचा काटा आणि थोडा संयम एवढे असले तरी प्रारंभ करता येतो.