विचार कुणी करायचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी वाशी येथे केलेले भाषण)



आम्ही पडलो सूतगिरणीतले कामगार. शाळा अर्धवट सुटली, पुढचं शिक्षण पाळी संपल्यावर कंदिलाखाली झालं. तरी संयोजकांनी आम्हाला राज्यशास्त्राच्या एका प्राध्यापकांवर बोलायला उभं केलं आहे. ते प्राध्यापक म्हणजे डॉ. गोपाळ गुरू.

पुणे विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकवलं. नंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ते सामाजिक व राजकीय विचारांचे प्राध्यापक होते. २०१८ साली ते मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नावाजलेल्या साप्ताहिकाचे संपादक झाले. पदांची यादी एवढी पुरे.

आम्हाला सांगायचं आहे ते त्यांच्या २००२ सालच्या लेखाबद्दल. हा लेख त्याच साप्ताहिकात आला होता. आपल्या देशातली समाजशास्त्रं किती समतावादी आहेत, असा रोकडा सवाल त्यांनी त्यात केला. त्यांचं म्हणणं असं, की विद्यापीठातसुद्धा एक वर्णव्यवस्था आहे. सिद्धांत मांडणारे वरच्या पायरीवर आणि माहिती गोळा करणारे खालच्या. दलितांच्या पोराने फॉर्म भरून आणायचे, आकडे जमवायचे. त्याचा अर्थ लावणार दुसराच!

आम्हाला हे लगेच पटलं, कारण गिरणीत आम्ही हेच बघतो. खात्यातला ओलावा कमी झाला की धागा तुटायला लागतो, हे कामगाराच्या हाताला आधी कळतं. बाहेरून साहेब येतो, आम्हालाच विचारतो, लिहून नेतो. अहवालावर सही त्याची.

पण बाबासाहेबांनी असं चालू दिलं नव्हतं. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवर निबंध वाचला, तेव्हा वय होतं २५. त्यांनी जातीबाहेर लग्न न करण्याच्या चालीत जातीचं मूळ दाखवलं. याला म्हणतात सिद्धांत. मग आपली पोरं नुसती माहिती पुरवणारी का राहावीत?

यावर एक वाद झाला, तोही ऐका. ज्याने सोसलं त्यानेच सिद्धांत मांडावा काय? तत्त्वज्ञानाचे अभ्यासक सुंदर सरुक्काई यांनी गुरूसरांशी यावर वाद घातला आणि पुढे २०१२ साली दोघांनी मिळून एक पुस्तकच काढलं. वाद घालून एकत्र पुस्तक काढणं आपल्या पुढाऱ्यांना जमेल का, हा प्रश्न आम्ही इथेच सोडतो. आमचं मत विचाराल तर, नुसतं सोसल्याने शहाणपण येत नाही. आलं असतं तर आमच्या गिरणीत सगळेच पंडित झाले असते. सोसलेल्यावर बसून विचार करावा लागतो.

अपमान या विषयावरही त्यांनी २००९ साली एक ग्रंथ संपादित केला. अपमान हा राजकारणाचा विषय आहे, हे आपल्याला नवं नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर आपली माणसं काय फक्त तहान लागली म्हणून गेली होती?

आता जरा कडू. १९९५ साली गुरूसरांनी लिहिलं, की दलित स्त्रिया वेगळं बोलतात आणि त्यांना तसं बोलावं लागतं, कारण बाहेरचे लोक त्यांना गृहीत धरतात आणि घरातले पुरुषही. आज या मंचावर बघा, सगळे आम्ही बापे. भगिनी कुठे आहेत? मागे, भाजी-भाताच्या पातेल्यांपाशी.

एक तक्रार मात्र आहे. हे लेख इंग्रजीत. आम्हाला ते एका कॉलेजच्या सरांनी चार रविवार बसून मराठीत सांगितले, म्हणून कळले. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाच दुभाषा लागावा, हे बरं नाही.

म्हणून येत्या रविवारपासून वंदनेनंतर विहारात दोन तास वाचन ठेवलं आहे. एम.ए. करणाऱ्या आपल्या मुलींपैकी एकीने समजावून सांगायचं कबूल केलं आहे. बाप्यांनी वेळेवर यावं, वही आणावी. चहा आम्ही करू.

जयभीम.