घोयऱ्याची वीण आणि छंदिष्टाची जबाबदारी



वसंतातल्या व्याख्यानांत देश, धर्म आणि साहित्य ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे सरड्यावर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. सरड्याला आपल्या भाषेत मुळीच प्रतिष्ठा नाही. पक्ष बदलणाऱ्याला आपण सरडा म्हणतो, आणि ज्याची मजल थोडी त्याची धाव कुंपणापर्यंत, असेही म्हणतो. पण कुंपणावर मान हलवीत बसणारा, गळा लालभडक करणारा नेहमीचा सरडा हा आजचा विषय नव्हे. त्याचा दूरचा भाऊबंद घोयरा, म्हणजे इंग्रजीतला शॅमेलिऑन, हा आजचा विषय आहे.

घोयरा ओळखणे सोपे आहे. त्याच्या शेपटीचे वेटोळे होते. पायाची बोटे दोन जुडग्यांत विभागलेली, त्यामुळे फांदी तो चिमट्यासारखी धरतो. दोन डोळे दोन दिशांना फिरतात, आणि जीभ त्याच्या धडाहूनही लांब जाते. तो विषारी नाही, हे मुद्दाम ठासून सांगतो. कारण केवळ विषारी असल्याच्या समजुतीने हा गरीब जीव काठीखाली जातो. त्याचा रंग बदलतो तो भोवतालच्या पानाची नक्कल करण्यासाठी, असे आपण शाळेत शिकलो. वास्तविक ऊन, भीती, राग आणि जोडीदाराची ओढ ही त्याची मुख्य कारणे आहेत. मादागास्करमधील एका जातीच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असून त्यांतील अंतर बदलले की रंग बदलतो, असे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखविले.

असा अद्भुत प्राणी पाहिला की तो घरी असावा असे कोणालाही वाटेल. तरुण मंडळी विचारतात, घोयरा पाळता येईल काय? त्याची पैदास करता येईल काय? या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, कारण घोयरे दोन प्रकारचे: आपला आणि परका.

आपल्या घोयऱ्याचे उत्तर एका शब्दात आहे: नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे, आणि या कायद्याच्या भाषेत पकडणे हीसुद्धा शिकारच आहे. हेतू कितीही चांगला असला तरी तळगडाच्या उतारावरून घोयरा उचलून पिंजऱ्यात घालणे हा गुन्हा ठरतो.

परक्या घोयऱ्यांत छंदिष्टांच्या घरी फार दिसतो तो येमेनचा, डोक्यावर उंच तुरा असलेला. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. आपल्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून अशा प्राण्याची मालकी, त्याचे हस्तांतर आणि त्याला झालेली पिल्ले, या सर्वांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. कागद नसलेला प्राणी स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, ही पहिली जबाबदारी.

दुसरी जबाबदारी मादीविषयीची. ती पाचसहा महिन्यांत वयात येते. पण वयात येणे निराळे आणि अंगाने भरणे निराळे. जाणता छंदिष्ट वर्षभर तरी थांबतो. मादीला नर नको असला की ती गडद होते, तोंड वासून डोलते. त्याच क्षणी नराला दूर करावे. तिला अंडी घालण्यासाठी हातभर नाही तरी वीतदीडवीत खोल ओलसर वाळूमाती हवी. ती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडतात आणि मादी मरते. नर जवळ नसतानाही तिला वांझ अंडी होतात, म्हणून ही माती एकट्या मादीलाही लागतेच. एका समागमावर ती पुढे पुन्हाही फलित अंडी घालू शकते.

अंडी सुमारे २६ ते २८ अंश उष्णतेत सहा ते नऊ महिने राहतात. कोंबडी आपली अंडी उलटवीत असते. ही अंडी उलटवायची नसतात. जशी ठेवली तशीच ती राहिली पाहिजेत.

आता हिशेब पाहा. एका खेपेला वीस ते चाळीस अंडी सहज होतात, कधी त्याहूनही जास्त. आपण चाळीस पिल्ले धरू. एका पिल्लाला दिवसाला वीस बारीक किडे धरले, तर रोजचे आठशे जिवंत किडे झाले! घोयरा वाटीतले पाणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. म्हणून रोज फवारणी आली. त्याच्या हाडांना उन्हातले अतिनील किरण लागतात आणि ते खिडकीच्या काचेतून येत नाहीत. म्हणून विशेष दिवा आला. शिवाय घोयरा एकलकोंडा. दोन पिल्ले मोठी होऊ लागली की एकमेकांच्या नुसत्या दर्शनानेही खंगतात. म्हणून चाळीस पिंजरे आले. आणि अशी चाळीस घरे कोठे आहेत, जी हे सारे पाच वर्षे करतील? म्हणून माझे सांगणे इतकेच आहे: जोडा लावण्यापूर्वी घरे मोजा. दहा घरे नक्की असतील तर दहाच अंडी उबवा. एकही नसेल तर नर आणि मादी एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवा.

कोणी म्हणेल, घरी पैदास झाली तर रानातून पकडणे थांबते, हे पुण्य नव्हे काय? यात तथ्य आहे. १९९५ च्या सुमारास मादागास्करच्या बहुतेक जातींचा व्यापार थांबविण्यात आला, तेव्हा घरच्या पैदाशीनेच कित्येक छंदिष्टांची हौस भागविली. पण हे पुण्य हिशेब ठेवणाऱ्याच्याच पदरी पडते.

हिशेब चुकला, पिल्ले डोईजड झाली, की माणसाला एक सोपी वाट सुचते: रानात सोडून देऊ. ही वाट सर्वांत वाईट. १९७२ साली हवाई बेटांवर एका प्राणिविक्रेत्याने केनियाचे तीन शिंगी घोयरे आणले आणि प्रवासाने शिणलेले जीव सावरावेत म्हणून अंगणातल्या झाडांवर ठेवले. ते पसार झाले. आज त्यांची प्रजा बेटांवर पसरली असून तेथल्या दुर्मिळ देशी गोगलगाई त्यांच्या पोटात सापडल्या आहेत. एका अंगणातली दया साऱ्या बेटाला महाग पडली. मग सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण किती सावध राहावे?

आणि आपला घोयरा? त्याची पैदास आपण करू शकत नाही; पण होऊ देऊ शकतो. त्याची मादीही अंडी घालायला झाडावरून उतरते आणि मऊ माती उकरते. सावकाश चालणारा हा प्राणी तेव्हाच कुत्र्याच्या तोंडी आणि मोटारीच्या चाकाखाली सापडतो. निरगुडीचे, करवंदीचे कुंपण तोडून तेथे सिमेंटची भिंत घातली की त्याची वाटच खुंटते. डोंगराला वणवा लागला की त्याला पळताही येत नाही. तेव्हा कुंपण जिवंत ठेवा, वणवा लागू देऊ नका, रस्त्यात घोयरा दिसला तर गाडी थांबवून त्याला पलीकडे जाऊ द्या, आणि मुलांच्या हातातली काठी काढून वही द्या. केव्हा दिसला, कोणत्या झाडावर, कोणत्या रंगात, हे लिहू द्या. या छंदाला ना पिंजरा लागतो ना परवाना.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे खरेच आहे. तेथवर त्याला सुखरूप पोहोचू देणे आपल्या हाती आहे, आणि ते कुंपण राखणेही.