जुन्या मोटारीचे सुटे भाग

बिदर शहराजवळचे कमठाणा हे गाव जांभ्या दगडाच्या तांबड्या पठारावर वसलेले आहे. उन्हाळ्यात तेथील बारीक लाल धूळ घराच्या कोनाड्यात जशी बसते, तशीच ती मोटारीच्या अंगोपांगांतही शिरते. एअर फिल्टर महिन्या-दोन महिन्यांत माखून जातो. बॉल जॉइंटवरील रबरी टोपण एकदा फाटले की आतील वंगणात धूळ मिसळते आणि ते वंगण कानसेचे काम करू लागते. अशा या मुलखात हैदराबादेत, पुण्यात किंवा सोलापुरात दहा-पंधरा वर्षे राबलेली एखादी मोटार दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या धन्याच्या दारी येऊन उभी राहते. घरातील वृद्धांना बिदरच्या इस्पितळात न्यावे, लेकीबाळींना सासरी पोचवावे, उदगीर-भालकीच्या लग्नकार्यांस सर्वांनी मिळून जावे, एवढीच अपेक्षा असते. मोटार विकत घेणे हा एका दिवसाचा व्यवहार होय; तिला लागणारे सुटे भाग मिळविणे हा मात्र पुढील अनेक वर्षांचा संसार असतो.

हा संसार सुखाचा होईल की नाही, हे पुष्कळ अंशी मोटार निवडतानाच ठरून जाते. स्वस्त मिळणारी प्रत्येक मोटार स्वस्त पडत नाही. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत राहिली. तीन सिलिंडरांचे, ७९६ घन सेंटिमीटरांचे तिचे इंजिन खेड्यातील मिस्त्रीही डोळे झाकून उघडतो. पंचवीस लक्षांहून अधिक गाड्या बाहेर पडल्यामुळे तिचे भाग करणारे कारखानदारही उदंड झाले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाटचेही असेच होते. १९५४ च्या सुमारास आलेल्या त्या गाडीने पुढे पद्मिनी हे नाव धारण केले आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिच्या यंत्रणेत फारसा पालट झाला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी निवृत्त झाली. गाडी बंद होऊनही इतकी वर्षे तो ताफा धावत राहिला, याचे श्रेय जितके चालकांना तितकेच ऑपेरा हाऊस व कुर्ला भागांतील सुट्या भागांच्या दुकानांना द्यावे लागेल.

याच्या उलट प्रकार म्हणजे पोरक्या गाड्या. येथे इतिहासाने एक विलक्षण पुनरावृत्ती केली आहे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर, केवळ जोडणी न करता येथेच भाग तयार केले पाहिजेत असे सरकारी धोरण झाले, आणि १९५४ मध्ये कंपनीने तो कारखाना बंद केला. शेव्हरोलेचे हजारो मालक एका दिवसात परक्या देशातील भागांवर अवलंबून राहिले. तीच कंपनी १९९० नंतरच्या दशकात पुन्हा आली, पुण्याजवळ तळेगावला मोठा कारखाना उभारला, आणि २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवून दुसऱ्यांदा निघून गेली. फोर्ड कंपनीनेही सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. सेवा व सुटे भाग पुरविण्याची हमी अशा कंपन्या देतात आणि काही काळ ती पाळलीही जाते. परंतु मोठ्या शहरातील कोठार आणि कमठाण्यातील मोटार यांमध्ये अंतर असते ते असतेच. म्हणूनच या गाड्या जुन्या बाजारात एवढ्या स्वस्त मिळतात. विकणाऱ्याला जे ठाऊक असते, ते घेणाऱ्याला सहा महिन्यांनी समजते.

तथापि पोरक्या गाडीलाही कधी कधी सख्खे भाऊ असतात. फियाटचे १२४८ घन सेंटिमीटरांचे डिझेल इंजिन हे याचे उत्तम उदाहरण. पुण्याजवळील रांजणगाव येथे ते तयार होई, आणि मारुती ते परवान्याने आपल्याकडे बनवीत असे. स्विफ्ट, पुंटो, टाटांची व्हिस्टा, शेव्हरोलेची सेल अशा निरनिराळ्या नावांच्या गाड्यांच्या पोटात एकाच वंशाचे इंजिन धडधडत होते. अशा वेळी एका कंपनीच्या खोक्यात न मिळणारा भाग दुसऱ्या कंपनीच्या खोक्यात मिळू शकतो. मात्र ‘सारखाच दिसतो’ एवढ्यावर विसंबू नये. भागावर कोरलेला क्रमांक जुळला पाहिजे. कारण इंजिन एक असले तरी पंप, सेन्सर, पट्ट्याची लांबी यांत फरक केलेले असतात.

आता दुकानाच्या पायरीशी यावे. बिदरच्या दुकानात न मिळालेला भाग बहुधा सिकंदराबादच्या राणीगंजातून मागविला जातो. हैदराबाद सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर, आणि बंगळूर फारच लांब. राज्य कोणतेही असो, बाजाराची वाट जुन्या संस्थानाच्या राजधानीकडेच वळते. तेथे गिऱ्हाईकाला प्रथम एक प्रश्न ऐकावा लागतो : ‘कंपनीचा देऊ, की लोकल?’ या प्रश्नात दोनच पर्याय दिसतात. प्रत्यक्षात ते पाच आहेत. पहिला, मोटार कंपनीच्या खोक्यातील भाग. दुसरा, तोच भाग ज्या कारखान्याने कंपनीला पुरविला, त्याच्या स्वतःच्या खोक्यातील. मोटार कंपन्या ब्रेक, क्लच, बेअरिंग, दिवे यांपैकी बहुतेक वस्तू स्वतः घडवीत नाहीत. त्या बाहेरून घेतात. म्हणून हा दुसरा प्रकार गुणात पहिल्याच्या तोडीचा आणि किमतीत बराच हलका असतो. चतुर गिऱ्हाईकाने विचारावा तो हाच. तिसरा, लहान कारखान्याने स्वतःच्या नावाने केलेला स्थानिक भाग. हा बरा-वाईट कसाही निघतो, पण तो निदान आपले नाव लपवीत नाही. चौथा, भंगारातून काढलेला जुना भाग. आणि पाचवा नकली. म्हणजे दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचे चिन्ह आणि दुसऱ्याच्या खोक्याची हुबेहूब प्रतिकृती घेऊन आलेला. लोकल आणि नकली या दोहोंना ‘डुप्लिकेट’ या एकाच शब्दाने संबोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती प्रामाणिक लहान कारखानदारावर अन्याय करणारी आहे.

नकली मालाचे खरे घातक रूप ब्रेकमध्ये दिसते. ब्रेक शूवरील लायनर विशिष्ट मिश्रणाचा असतो आणि तो उष्णता व दाब देऊन लोखंडी पट्टीला चिकटविलेला असतो. हे चिकटविणे कच्चे असले तर पठारावरून उतार उतरताना, ड्रम तापल्यावर, लायनर सुटून येतो. मिश्रण हलके असले तर तो सुटत नाही, पण तापताच त्याची पकड नाहीशी होते. पायाखालचे पेडल घट्ट लागते आणि गाडी मात्र पुढे जातच राहते. दुकानात, थंड असताना, दोन्ही शू सारखेच दिसतात.

ब्रेकमधील द्रवाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्याला सर्वत्र ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, आणि हे नावच फसवे आहे. तो द्रव खनिज तेल नव्हे. नावाला भुलून कोणी त्यात इंजिनाचे तेल ओतले, तर मास्टर सिलिंडरातील रबर फुगते आणि ब्रेक जाम होतात. शिवाय हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ओलावा शोषल्यानंतर ही मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणून अर्धी वापरून महिनोन् महिने फळीवर ठेवलेली बाटली, मग ती कितीही नामांकित कंपनीची असो, विश्वासाची राहत नाही. डब्यातून सुटा विकला जाणारा द्रव तर घेऊच नये.

ऑइल फिल्टरची फसवणूक उघड होत नाही, कारण तो बंद डब्यासारखा असतो. आत घडी घातलेला कागद किती आहे, इंजिन बंद झाल्यावर तेल खाली उतरू न देणारी रबरी झडप आहे की नाही, हे कापल्याशिवाय दिसत नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या बचतीसाठी इंजिनाचे आयुष्य पणाला लागते. टायमिंग बेल्टही त्याच जातीचा. अनेक इंजिनांत तो तुटला की उघड्या राहिलेल्या झडपांवर पिस्टन आदळतो आणि झडपा वाकतात. बेअरिंगच्या बाबतीत आणखी एक युक्ती चालते : वापरून झिजलेले बेअरिंग धुऊन, चकाकी देऊन, त्यावर नव्याने नाव उमटविले जाते.

बिदरी कामाच्या कारागिराला ही पारख सांगावी लागत नाही. जस्त-तांब्याच्या भांड्याला काळा रंग चढविण्यासाठी तो बिदरच्या किल्ल्यातील माती वापरतो आणि ती जिभेवर ठेवून तिची जात ओळखतो. मोटारीचे भाग चाखून पाहता येत नाहीत, पण त्यांची पारखही इंद्रियांनीच सुरू होते. सर्वांत खात्रीची गोष्ट म्हणजे काढलेला जुना भाग दुकानात सोबत नेणे. वजन, ओतकामाच्या खुणा, कोरलेल्या क्रमांकाची ठेवण, कडांची सफाई ही दोन्ही भाग शेजारी ठेवताच बोलू लागतात. सोबत नोंदणीपुस्तकातील सतरा अक्षरांचा चासी क्रमांक असावा. त्यावरून अधिकृत विक्रेता नेमका भाग-क्रमांक सांगू शकतो. मग तो भाग कोठूनही घ्यावा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, करांसह कमाल किंमत असली पाहिजे, असे २०११ च्या वैधमापन नियमांचे सांगणे आहे. चकाकणाऱ्या होलोग्रामवर मात्र फार भिस्त ठेवू नये. जो खोके छापतो त्याला होलोग्राम छापणे जड नाही. आणि नवा भाग बसविल्यावर त्याचे रिकामे खोके फाडून टाकावे. अखंड खोक्यांना गिऱ्हाईक असते आणि ते पुन्हा भरून बाजारात येतात.

अस्सल भागही कालांतराने निकामी होतो, हे बहुधा विसरले जाते. बंद झालेल्या गाडीचा ‘कंपनीचा शिल्लक माल’ म्हणून जो अभिमानाने काढून दाखविला जातो, त्यातील लोखंड उत्तम असेल. पण रबर फळीवर पडल्या पडल्याही कडक होते. ब्रेकचे किट, ऑइल सील, पट्टे, होज अशा वस्तूंत दहा वर्षे जुन्या अस्सल मालापेक्षा चांगल्या कारखान्याचा ताजा माल अधिक विश्वासार्ह होय. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असल्यास तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील समजावा.

भंगाराचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. दार, काच उचलण्याचे यंत्र, दिव्याचे कोंदण, गिअर बॉक्सचे कवच, आसन या वस्तू जुन्या घेतल्याने काही बिघडत नाही. क्यूबात १९६० नंतर अमेरिकन माल बंद झाला, तेव्हा तेथील लोकांनी जुन्या शेव्हरोलेंना रशियन गाड्यांची इंजिने बसवून त्या साठ वर्षे चालविल्या. परंतु ब्रेक, सुकाणूचे सांधे आणि रबर भंगारातून घेऊ नये. इंजिन घ्यायचे झाल्यास मूळ गाडीची कागदपत्रे पाहून, पावती घेऊनच घ्यावे आणि बदललेल्या इंजिनाची नोंद परिवहन कार्यालयात करावी. चोरीच्या गाडीचे इंजिन अज्ञानाने घेतले तरी चौकशीचा ससेमिरा चुकत नाही.

या सर्व व्यवहारात मिस्त्रीचे स्थान मध्यवर्ती आहे. दुकानदार त्याला सूट देतो, ही गोष्ट सर्वांना माहीत असूनही कोणी बोलत नाही. त्यात मुळातच अप्रामाणिकपणा आहे असे नव्हे. खेड्यातील गिऱ्हाईक मजुरी देताना हात आखडते घेते आणि मिस्त्री ती उणीव भागांतून भरून काढतो. मजुरी पुरेशी द्यावी, भाग आपल्या नावाच्या पावतीवर घ्यावेत आणि काढलेले जुने भाग परत मागावेत, एवढ्याने दोघांचेही संबंध स्वच्छ राहतात. पावतीवाचून काही पैसे वाचतात हे खरे. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवरील कर १८ टक्के झाला आहे. पूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के असे. तेव्हा पावती टाळण्याचा मोहही तितकाच कमी व्हावयास हवा. पावती नसेल तर ग्राहक आयोगापुढे उभे राहण्यास आधारच उरत नाही. नकली चिन्हाचा माल विकणाऱ्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण तक्रार करणाऱ्याच्या हाती कागद असेल तरच कायद्याला हातपाय फुटतात.

गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणजे तिची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्या वेळच्या तपासणीत ब्रेक व सुकाणू पाहिले जातात. पण त्या दिवसाची वाट पाहू नये. नवे शू बसविल्यावर पहिले काही दिवस गाडी बेताने चालवावी, म्हणजे लायनर ड्रमवर नीट बसतो. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांनंतर गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात न्यावा. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल किंवा जळकट वास येत असेल, तर घरी न जाता गाडी तशीच मिस्त्रीकडे वळवावी.