मस्तगड, कुंडलिका आणि उकिरडा

श्रोतेहो, कुंडलिकेकाठच्या जालन्यास आपण कधी आला असाल, तर मस्तगडाचे नाव आपल्या कानांवर आलेच असेल. आसफजहाच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ साली येथला किल्ला व गढी बांधविली. पुढे त्याच गढीत नगरपालिकेची कचेरी भरू लागली. तोफा गेल्या नि दप्तरे आली!

त्याच्याही आधी जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी खेळविले होते. पाणी गावात कसे आणावे याचा विचार असा बारकाईने झाला. घाण बाहेर कशी न्यावी, याचा तितका झालेला दिसत नाही. आणि खरे सांगू का, त्याची फारशी जरूरही नव्हती. शेण, राख, पालापाचोळा, खरकटे, सारे उकिरड्यावर पडे आणि पावसाळ्याच्या तोंडी गाडी भरून शेतात जाई. उकिरडा ही शेतकऱ्याची ठेव होती. 'उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते' असे आपण म्हणतो. पण त्याची दैना तर दरसाल फिटत असे.

आता ती फिटत नाही. का बरे? कचरा वाढला म्हणून? वाढला खराच, पण मुख्य गोष्ट अशी की तो मिसळला. भाजीच्या देठांत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात फुटकी काच, तिच्याशेजारी जुना बॅटरीचा सेल. असे खत कोण नेईल? एक शेतकरी मला म्हणाले, "मास्तर, फुकट दिलं तरी नको. पिशवी बैलाच्या पोटात गेली, म्हंजी बैल कुनी द्यायचा?" मी काय उत्तर देणार!

मग ते ढीग ओढ्यात जातात. जालन्याची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. म्हणजे आपण वरच्या अंगाला टाकलेले खालच्या गावच्या पाणवठ्यावर जाते. त्या गावाला आपल्या नगरपालिकेत मत नाही.

कायद्याची उणीव म्हणाल, तर ती नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने घनकचरा हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे काम तुमच्याआमच्यावर टाकले. २०२३ साली जालन्याची नगरपरिषद जाऊन महानगरपालिका झाली. पाटी बदलली, घरातली बादली मात्र बहुधा एकच राहिली. माझ्याही घरी ती पुष्कळ दिवस एकच होती, हे कबूल करतो. दुसरी आणली तीसुद्धा त्या शेतकऱ्याच्या बोलण्यानंतर.

शिक्षकबंधूंना एक सुचवितो. शाळेचा एका दिवसाचा कचरा मुलांसमोर पोत्यावर ओता आणि विचारा, यातले शेतात काय चालेल? पोरे भराभर ढीग पाडतील. चालणारे शाळेमागच्या खड्ड्यात घाला, वर शेणकाला नि मातीचा थर द्या, ओल राखा. उरलेला छोटा ढीग मुलांच्या हातूनच ग्रामसभेत नेऊन ठेवा आणि सरपंचांना विचारा, याचे काय करायचे?