सुट्टीतले कान

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



उन्हाळी संगीत शिबिराविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. गेल्या मे महिन्यात अंबड तालुक्यातील गोदाकाठच्या एका शाळेत हे शिबिर आठ दिवस चालले. तीस मुलेमुली, एक पेटी, एक तबल्याची जोडी आणि शिकवणारे आम्ही दोघे, एवढाच संसार. दहाच्या पुढे ऊन सोसवत नसे. म्हणून पहाटे साडेपाचला वर्ग भरे, तोही वर्गात नव्हे, तर वडाखाली.

पहिल्या दिवशी मुलांना टाळीवर लय धरता येईना. प्रत्येकाची टाळी वेगळी. तेवढ्यात वरून आवाज येऊ लागला, टुक्‌, टुक्‌, टुक्‌. तो तांबट पक्षी. हिरवा, चिमणीहून किंचित मोठा, कपाळ आणि छाती लाल. चोच मिटलेलीच, गळा तेवढा फुगतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकसारखा ठोका, म्हणून त्याचे हे नाव. आम्ही मुलांना सांगितले, आता याच्याबरोबर टाळी द्या आणि आठ-आठ मोजा. थोड्याच वेळात सर्वांची टाळी एक झाली. केरवा तालाच्या आठ मात्रा त्या दिवशी मुलांना तांबटाने शिकवल्या.

कोकीळ कुहू म्हणतो तेव्हा आवाज खालून वर सरकत जातो. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधली ही वाट, तिलाच गाण्यात मींड म्हणतात. कवितेत आपण ‘कोकिळा गाते’ म्हणतो, पण गातो तो काळा नर. मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिचा आवाज किक्‌-किक्‌ असा. शेवटच्या दोन दिवसांत पावशा ओरडू लागला. आपल्या शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते. प्रत्येक हाक आधीच्या हाकेहून चढी. आरोह म्हणजे काय, ते सांगायला फळा लागला नाही.

ही कल्पना आमची नव्हे. येथून पाऊणशे किलोमीटरवर दौलताबाद आहे, पूर्वीची देवगिरी. तेथे तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळ काश्मीरचे. सात स्वर कोणाकोणाचे, हे त्याने क्रमाने सांगितले आहे: मोर, चातक, बोकड, क्रौंच, कोकीळ, बेडूक आणि हत्ती. म्हणजे आपल्याच भागात सातशेहून अधिक वर्षांपूर्वी गाण्याचा विचार करणारे रानाकडेही कान देत होते.

एका पालकांनी मला विचारले, “सर, पोराला गवय्या थोडाच करायचाय?” प्रश्न रास्त आहे. सुट्टीत मुलगा दुकानावर बसला तर घराला हातभार लागतो, हेही मी जाणतो. काही घरांत वाद्य चालत नाही. त्या घरच्या मुलांना आम्ही पेटीला हात लावायला सांगितले नाही. त्यांनी टाळी दिली, गळ्याने गायिले, आणि ती कोठेही मागे पडली नाहीत. तीसपैकी एकही गवय्या न झाला तरी चालेल. पण जो मुलगा दहा मिनिटे स्वस्थ बसून नीट ऐकू शकतो, तो गणिताच्या तासालाही ऐकतो.

शिबिरात नववीचा एक मुलगा होता. शाळेत त्याच्या नावापुढे ‘मठ्ठ’ असा शेरा पडलेला. खिशात गलोल. तितराची हाक तो अशी हुबेहूब काढी की झुडपातून उत्तर येई. त्याचा सूर तीस जणांत सर्वांत पक्का निघाला. त्याला आम्ही सांगितले की तितर धरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मग एक वही दिली आणि म्हटले, धरू नकोस, लिही. आठ दिवसांत त्याने एकोणीस पक्ष्यांचे आवाज स्वतःच्या अक्षरात लिहिले. त्याला गॅरेजवर घालायचे वडिलांच्या मनात आहे. त्यांच्याशी माझे बोलणे चालू आहे.

सलीम अलींनाही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीचा नाद होता. त्यांनी पाडलेल्या एका चिमणीचा गळा पिवळा निघाला. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले, आणि तेथून देशाला थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. १९३१-३२ साली त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जालना तेव्हा त्याच संस्थानात होता. १९७६ साली ते पद्मविभूषण झाले. मिरजेचे अब्दुल करीम खाँ, कोल्हापूरचे अल्लादिया खाँ यांची नावे तर महाराष्ट्रात घरोघरी आदराने घेतली जातात. ऐकण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या सुट्टीत मुलाचे आठ दिवस आम्हाला द्या. मुलीचेही द्या, कारण शिबिरातील तीसांत मुली फक्त सात होत्या. आणि विद्यार्थी मित्रहो, उन्हाळ्यात घराच्या सावलीला पाण्याचे एक परळ ठेवा, गलोल घरी ठेवा, आणि कोण येते, काय बोलते, ते वहीत लिहा.