बांगडीचा सांधा



आपल्या आयाबहिणींच्या हातातली काचेची बांगडी बहुधा उत्तर प्रदेशातील फिरोजाबादेहून आलेली असते. भट्टीतून ओढलेली काचेची तार फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात. ती उभी कापली की उघड्या तोंडाची कडी सुटतात. ज्योतीवर त्यांची टोके समोरासमोर आणणे ही सधाई आणि ती जोडणे ही जुडाई. हे काम घरोघरी, नगावर चालते. त्याला मुलांचेही हात लागत आले आहेत, आणि कित्येकांची शाळा तिथेच सुटली.

तुमच्यापैकी कोणी मणी, दागिने करू पाहत असेल तर ऐका. दोन जातींची काच एकत्र वितळवू नका. साधी सोडा-काच बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. सांधा आज सुरेख दिसेल, उद्या तडकेल. एकाच जातीची काचदेखील सावकाश निवू द्या. घाई इथेच नडते.

आता पैशाचे. शंभर मण्यांत दहा फुटले तर सगळा खर्च नव्वदांवर बसवा. त्यात गॅस धरा, डोळ्यांचा चष्मा धरा, आणि घरातल्या बाईची मजुरीही धरा. ती आपण फुकट समजतो! वही शाळकरी मुलाने लिहावी. ज्योतीपुढे मात्र मोठ्यांनीच बसावे.