फाईल कोणाच्या नावावर?

सप्तशृंगी गडाजवळच्या वणीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

पंचसूत्रीतलं एक सूत्र म्हणजे नियमित लेखे. आमचे लेखे आता जुन्या कॉम्प्युटरवर आहेत. त्यात लिनक्स आहे, कारण ते फुकट मिळतं. मागे बँकेला कर्जाचा हिशोब द्यायचा होता आणि फाईल उघडत होती, पण हप्ता लिहून सेव्ह होईना. ‘परमिशन डिनाईड’, म्हणजे परवानगी नाही.

अशा वेळी घाबरू नका, फाईल बिघडलेली नसते. लिनक्समध्ये प्रत्येक फाईलला तिघांचे हक्क ठरलेले असतात: मालक, गट आणि बाकी सगळे. आपल्या रोकडवहीसारखंच. लिहिणार कोषाध्यक्ष, वाचणार सभासद, गावाला मात्र बंद.

आधी बघा, मग बदला. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे टर्मिनल उघडा. ‘एल-एस’ लिहा, जागा सोडा, आडवी रेघ आणि ‘एल’. ओळीत मालकाचं आणि गटाचं नाव दिसेल. आमच्या फाईलवर मालक होता ‘रूट’, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य कारभारी. कुणी ‘एस-यू-डी-ओ’ लावून फाईल बनवली की ती रूटच्या नावावर चढते. शेत आपण कसतो आणि सातबारा दुसऱ्याचा, तसं! ‘एस-यू-डी-ओ’, मग ‘सी-एच-ओ-डब्ल्यू-एन’, मग आपल्या खात्याचं नाव आणि फाईलचं नाव लिहिलं, की फाईल परत आपल्या नावावर.

कुणी सांगेल, ‘सी-एच-एम-ओ-डी ७७७’ करा, सगळं मोकळं होतं. तसं करू नका. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. तीन वेळा ७ म्हणजे त्या मशीनवर खातं असलेल्या कुणालाही तुमच्या हिशोबात खाडाखोड करता येईल. कोणत्या बाईचा हप्ता थकला, तेही सगळ्यांना दिसेल. त्याऐवजी ६४० द्या: मालकीण वाचेल-लिहील, गट फक्त वाचेल, बाकीच्यांना काही नाही. त्यासाठी सभासदांची खाती आधी कॉम्प्युटरवरच्या गटात घालून फाईल त्या गटाच्या नावे करावी लागते.

आणि प्रत्येकीचं खातं, पासवर्ड वेगळा हवा. सगळ्या एकाच नावाने बसल्या, तर कुलूप असून किल्ली दारातच ठेवल्यासारखं.

हिशोब आपल्या घामाचा आहे. त्यात कोणी लिहायचं, हे बैठकीतच ठरवा आणि कॉम्प्युटरलाही तेच सांगा.